शेवंतामावशींचा लसूण आणि माझी माय

आज पहाटे शेजारच्या शेवंतामावशी गेल्या आणि माझी माय त्यांच्यासाठी इतकी रडली, की माझा जळफळाट झाला.

हो. मयताच्या दारात.

कारण बाबा गेले तेव्हा माय रडली नव्हती. नुसती गप्प झाली होती.

सालेकस्याचं माहेरचं घर बंद करून मी तिला अर्जुनीला माझ्याकडे आणलं. ताट दिलं की जेवायची, विचारलं की मान हलवायची. बाकी दिवसभर मागच्या दारी खाटेवर.

मी काय काय नाही केलं! गोंदियाला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. मोबाईलवर भजनं लावून दिली. इथल्या प्रतापगडच्या महादेवाच्या यात्रेला नेलं. कापडाचं दुकान नवऱ्यावर टाकून तिच्याजवळ बसून राहिले.

एक शब्द नाही.

मग धान कापून झाल्यावर एका दुपारी कुंपणापलीकडून शेवंतामावशींचा आवाज आला.

"अवो बाई, नुसत्या बसून काऊन राहिल्या? या इकडे, लसूण लावू लागा!"

मला रागच आला. दुःखातल्या माणसाशी असं बोलतात?

पण माय उठली. चप्पल न घालताच त्यांच्या बाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या तुकड्यात गेली. मी मागोमाग.

मावशी वाफ्यात भराभर पाकळ्या खुपसत होत्या. माय थोडा वेळ बघत राहिली.

"उलट्या लावून राहिल्या तुम्ही. शेंडा वरतं पायजे."

माझ्या मायचा आवाज! इतक्या महिन्यांनी!

आणि तो माझ्या वाट्याला नाही, शेजारणीच्या वाट्याला.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना विचारलं, "तुम्हाला लसूण लावता येत नाही?"

त्या हसल्या. "जन्मभर लावून राहिली मी, पोरी. पण तुह्या मायले बोलाले काही कारण तं पायजे ना."

हे मला का सुचलं नाही? तेव्हापासून जी आग लागली, ती लागलीच.

माय रोज तिकडे. सकाळचा चहासुद्धा तिकडेच. घरी माझा चहा ओट्यावर निवून जायचा.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात मीही लसूण लावला, आपल्याच बाडीत. शेंडा वर ठेवून, व्हिडिओ बघून, शेणखत घालून. म्हटलं, आता तरी माय माझ्याकडे बसेल. प्रेमाने रोज पाइप लावून पाणी द्यायचे.

सगळा सडला.

दोघी बघायला आल्या. मावशींनी चिखलातून एक पिवळं रोप उपटलं. "लसूण व्हय का धान? एवढं पाणी कायले देऊन राहिली व?"

आणि माय हसली. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत हसली.

बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. पण हसली ती मावशींकडे बघून.

त्यांच्या लसणाच्या जुड्या आमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या असायच्या. पाकळ्या लहान, पण वास असा की फोडणी दिली की रस्त्यापर्यंत जायचा. घरातले सगळे म्हणायचे, मावशींचा लसूण भारी. मी मान डोलवायचे आणि आतून धुमसायचे.

आज पहाटे मावशींच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

संध्याकाळी माय घरात दिसेना. कुठे असेल ते माहीतच होतं. मावशींच्या बाडीत, वाफ्याच्या कडेला बसली होती. पात पिवळी पडायला लागलीय.

मी पाइप उचलला.

"नोको. आता पाणी बंद. पातीच्या माना पडू दे, मग लसूण काढू."

मी तिच्याशेजारी बसले. इतकी वर्षं गिळलेलं विचारलंच.

"माय, एवढं काय बोलत होता तुम्ही दोघी रोज?"

"तुह्या बाबाचं."

"मग माझ्याशी काऊन नाही बोललीस? मी पोरगी ना तुझी?"

"तू रडतेस, पोरी. त्याचं नाव काढलं का तुहा चेहरा पडते. मंग मी तुले सांभाळू का मले?" तिने डोळे पुसले. "शेवंता रडत नोयती. आयकत होती."

मी हातातला पाइप खाली ठेवला.

"नाही रडत मी. सांग."

"मले पाहाले आला तवा तुह्या बाबाच्या सदऱ्याले वरची बटनच नोयती. सारा येळ गळ्याजवळ हात धरून बसला. मले वाटलं, ह्याचा गळा दुखते का काय!"

हे मला माहीत नव्हतं. माझ्या बापाची गोष्ट, आणि शेजारणीला माहीत होती.

ओठ घट्ट दाबून धरला. रडले नाही.

"मग?" मी म्हटलं.

माय अंधार पडेपर्यंत बोलत होती.

शेवंतामावशी, तुमचा हेवा अजूनही वाटतो. तो जाईल असं वाटत नाही.

पण मायची काळजी करू नका. ऐकायला मी आहे.

सुखाने जा. मनापासून नमस्कार.