अण्णांचा अमेरिकन

मला त्या अमेरिकन म्हाताऱ्याचा हेवा वाटायचा. त्याच्या गोऱ्या कातडीचा किंवा डॉलरचा नाही. माझे वडील त्याच्याशी बोलायचे, याचा.

आई गेल्यावर मी अण्णांना कराडजवळच्या आमच्या गावाहून शारजाला घेऊन आलो. व्हिसा तात्पुरता होता, पण रमले तर कायमचं ठेवून घ्यायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं. बायकोने चांगली ज्वारी शोधून काढली. मी शुक्रवारी खाडीवर न्यायचो, मॉलमधले सरकते जिने दाखवायचो. अण्णा सगळ्याला "बरं हाय" म्हणत आणि गॅलरीत जाऊन खाली बघत बसत. माझ्याशी दिवसाला दोन वाक्यं झाली तर डोक्यावरून पाणी.

एकदा संध्याकाळी हमरिया बंदराजवळच्या माझ्या कंपनीतून घरी आलो तर गॅलरी रिकामी. मुलाला विचारलं. तो व्हिडिओ गेममधून मान वर न काढता म्हणाला, "ही इज डाउन. विथ हिज फ्रेंड."

फ्रेंड! मी तसाच खाली पळालो.

बिल्डिंगसमोरच्या बागेत दोन म्हातारे उकिडवे बसून हिरवळीची कड उकरत होते. एकाला धोतर-टोपी, दुसऱ्याला जीनची पँट आणि मळकी कॅप. दुसरा नेब्रास्काचा निवृत्त शेतकरी निघाला. मक्याची शेती आणि गुरांचं मोठं रान, सगळं आवरून तो इथे कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीकडे हिवाळा काढायला आला होता. मला बघताच अण्णांचा चेहरा खुलला. माझ्यासाठी नव्हे, दुभाषा मिळाला म्हणून.

"बरं झालं आलास. त्याला इचार, जनावरं किती हुती?"

चारशेच्या वर, तो म्हणाला.

"आन् नावं?"

नावं नव्हती. कानाला नंबर असायचे. अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "मग हाक कशी मारायचा? ए बारा नंबर, हिकडं ये?" मी भाषांतर केलं आणि तोही मांडी थोपटून हसला. माझ्या घरात ते हसू महिनाभरात एकदाही ऐकू आलं नव्हतं.

तिथून माझी रोजची ड्यूटी लागली. बर्फात जन्मलेलं वासरू त्याने म्हणे घरात आणून बाथटबमध्ये कोमट पाण्यात धरलं होतं. त्यावर अण्णांनी सांगितलं, माझ्या जन्माच्या वर्षी आमची गाय अडली होती, तेव्हा ते रात्रभर तिच्या पाठीशी टेकून बसले होते. हे मला माहीतच नव्हतं. माझ्याच बापाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो, तीही परक्याला इंग्रजीत सांगण्यासाठी. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

घरी आल्यावर मी एकदा मुद्दाम म्हणालो, "अण्णा, त्याची ती गुरं दुधाची नव्हती. खाटकाकडं जायची." वाटलं, आता तरी विटतील.

"ठावं हाय. पयल्याच दिशी त्यानं मानेवरनं हात फिरवून दावलं," अण्णा म्हणाले. "त्येचं त्येच्यापाशी. वासराला घरात घेणारा मानूस हाय त्यो."

पुढच्या शुक्रवारी अबू धाबीला जायचं ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, "तुमी जावा. त्याला आपला दीड वरसाचा आडसाली ऊस समजावून सांगायचा ऱ्हायलाय." मग मीही राहिलो. मी नसलो तर ते समजावणार कसे?

त्या दिवशी ऊस समजावून झाला. मग अमेरिकन म्हणाला, गुरं विकली, जमीन शेजाऱ्याला कसायला दिली, तरी पहाटे चारला जाग येतेच. मुलाला त्याने विचारलं होतं, शेत सांभाळतोस का. मुलगा शिकागोत बँकेत आहे, तो नाही म्हणाला. मग माझ्याकडे बोट करून त्याने अण्णांना विचारलं, "तुम्ही याला विचारलं होतं का?"

मी मराठीत सांगितलं. उत्तर मला पाठ होतं. लहानपणी मी औताला हात लावला की अण्णा हाकलून द्यायचे, "तुझं काम न्हवं, जा पुस्तक घे." माझ्यात ती धमकच नाही असं त्यांचं मत आहे, हे धरूनच मी मोठा झालो, शिकलो, इथवर आलो.

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सांग त्याला, न्हाई इचारलं. भ्या वाटायचं. ह्यो लगीच हो म्हनला असता. लई जीव हुता ह्येचा बैलांवर. मग ह्येचा बी जलम माझ्यासारखाच गेला असता. म्हून मीच हाकलत ऱ्हायलो."

भाषांतर करायचं सोडून मी अण्णांकडे बघत राहिलो, म्हटलं आता तरी माझ्याकडे बघतील. पण त्यांचे डोळे समोरच्या म्हाताऱ्यावर खिळले होते.

"सांग की लवकर," अण्णा म्हणाले, "त्यो थांबलाय."