शेवटच्या ट्रॅकमधलं इंजिन

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी दिघीच्या अलीकडे, एका कोळीवाड्याला लागून घर घेतलं. तिथे बसून मी मुंबई-पुण्याच्या मुलांनी बंद खोल्यांत केलेले अल्बम ऐकतो आणि एका वेब-मासिकासाठी त्यांच्यावर लिहितो. कुठल्याही कंपनीच्या दावणीला न बांधलेलं, स्वतंत्र संगीत. त्याबद्दल माझं एक मत पक्कं झालं आहे: सोबतचं टिपण जितकं लांब, तितका संगीतात दम कमी. एका गायिकेने बाथरूममध्ये रेकॉर्डिंग करून त्याला ‘अंतर्गुहेतला स्वर’ म्हटलं होतं. गुहेला टाइल्स चांगल्या बसवल्या आहेत, असं मी लिहिलं. एका बँडने अख्खा अल्बम उलटा वाजवला होता. त्यात चुकून सुलटी राहिलेली दोन गाणी फार सुंदर होती, पण त्यांचा उल्लेख केल्याचा बँडला राग आला.

परवाच्या भाद्रपदात, गौरी-गणपती गेल्यावर, असाच एक अल्बम आला. मुंबईतल्या एकट्या मुलाने केलेला. शब्द नाहीत, चाल नाही, नुसती लांबलचक घरघर. टिपणात म्हटलं होतं, ‘पावसाळाभर रायगडच्या किनाऱ्यावर राहून टिपलेला समुद्र.’ शेवटच्या, सगळ्यात लांब ट्रॅकमध्ये होडीचं इंजिन ऐकू येत होतं. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, इथल्या होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. तेव्हा मी परीक्षणाला मथळा दिला, ‘बंदीच्या काळातली मासेमारी’, आणि खुशीत लिहायला बसलो.

स्पीकर खिडकीत होता. बाहेर पायरीवर शेजारच्या वहिनी माझ्यासाठी बांगडे साफ करत बसल्या होत्या. त्यांचा नवरा आदल्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली त्याच आठवड्यात, होडी घेऊन गेला तो परत आला नाही. खलाशी आजारी म्हणून एकटाच गेला होता. होडीची फळीसुद्धा सापडली नाही. वहिनींच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या आणि वाड्यात कुणी त्याबद्दल बोलत नसे.

शेवटचा ट्रॅक सुरू झाला. थोड्या वेळाने सुरीचा आवाज थांबला. मी डोकावलो, तर वहिनी रिकामी पाटी काखेला मारून धक्क्याकडे चालू लागल्या होत्या. अर्धे बांगडे पायरीवर, त्यांच्याभोवती मांजर.

इथे बायका होडी डोळ्यांनी ओळखत नाहीत. ती दिसण्याआधीच इंजिनाच्या आवाजावरून ज्या त्या घरची बाई पाटी उचलते आणि होडी टेकायच्या आत धक्क्यावर हजर असते. पण त्या वेळी पूर्ण ओहोटी होती. धक्क्यापुढे नुसता चिखल, त्यावर बगळे.

मी मागोमाग पोचलो तेव्हा जाळी विणत बसलेली एक म्हातारी त्यांना हसत होती. “पाटी कशाला गो? चिखल भरून नेतंस काय?”

“आमची वाजली,” वहिनी म्हणाल्या.

म्हातारीचा हात जाळ्यातच राहिला. वहिनी चिखलाकडे बघत उभ्या होत्या. डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. एसटीला उशीर झाल्यावर माणूस बघतो तसं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा दीर माझ्या दारात. पितृपंधरवडा लागायच्या आत हरिहरेश्वरला भावाचा विधी करायचा, असं त्याने ठरवलं होतं. देह सापडला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून करतात तो. महिनाभर मिनतवाऱ्या केल्यावर वहिनी कशाबशा तयार झाल्या होत्या.

“सर, काय लावलंत तुमी काल? ती आता येत न्हाय म्हनते. म्हनते, होडी चालतेय तं मानसाला पिंड कशाला? गाडी सांगितलेय मी उद्याची!”

“अहो, ते संगीत आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या अविश्वासाने पूर्वी कधी उच्चारलं नव्हतं.

“लावा बघू. मी बी ऐकतो काय संगीत हाय ते.”

मी लावलं. तो कमरेवर हात ठेवून, भांडायच्या तयारीने उभा होता. इंजिन सुरू झालं. टकटक चालायचं आणि मध्येच एक ठोका गिळायचं. जरा वेळाने त्याचे हात कमरेवरून खाली आले.

“ह्यो ठोका,” तो हळू आवाजात म्हणाला, “खाल्लेला. दादाला किती बोललो, नीट करून घे. म्हनायचा, ऱ्हाऊ दे, वळखू येतो.” मग त्याने विचारलं, “कवाचा हाय ह्यो आवाज?”

टिपणाप्रमाणे यंदाच्या पावसाळ्यातला. म्हणजे होडी गेल्यानंतरचा. पण टिपणांबद्दलचं माझं मत मी वर सांगितलंच आहे. त्याच्यासमोरच मी त्या संगीतकाराला फोन लावला.

“इंजिन?” मुलगा हसला. “सर, तो माझ्या घरचा फ्रिज आहे. कॉम्प्रेसरचा आवाज स्लो केलाय.”

“आणि पावसाळाभर किनाऱ्यावर राहिलात ते?”

“ते लिहावं लागतं हो. इतक्या पावसात कोण येणार तिकडे? मी रायगडला कधी आलेलोच नाही. पण तुम्हाला समुद्र वाटला ना? मग तसं लिहा की! एक ओळ द्या ना, पोस्टरवर टाकतो.”

फोन स्पीकरवर होता. घरात त्या वेळी माझा फ्रिज चालू झाला आणि आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. तो गेल्यावर मी फ्रिजचं बटण बंद केलं. दूध नासलं, पण त्याला इलाज नव्हता.

संध्याकाळी, उजेड असतानाच, वहिनी आणि दीर दोघं आली. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मी वहिनींना जे होतं ते सांगितलं. मुंबईतला मुलगा, त्याचा फ्रिज, खोटं टिपण.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “फ्रिज त्याचा आसंल. आवाज आमचा हाय.” मग माझ्या समोर खाली बसल्या. “मना येकच सांगा, सर. येतेय का जातेय?”

“काय?”

“होडी. घराकडं येतेय का लांब जातेय?”

मी तो ट्रॅक शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता. परीक्षक शेवटचा ट्रॅक शेवटपर्यंत ऐकतो, असा वाचकांचा समज आहे. तो आम्ही मोडत नाही. मी ट्रॅक लावला आणि तिघं ऐकत बसलो. दीर दारात उभा, मी खुर्चीत, पाय जमिनीवर सोडून. ठोका गिळत गिळत आवाज बारीक झाला, इतका की गेलाच असं वाटलं. दिराने मान खाली घातली. वहिनी हलल्या नाहीत. मग तो पुन्हा यायला लागला. जवळ, आणखी जवळ, खिडकीची काच थरथरू लागली. आणि एकदम बंद.

धक्का जवळ आला की इंजिन बंद करतात आणि राहिलेल्या वेगावर होडी आपली सरकत येते. तेवढं मलाही माहीत होतं. ट्रॅक मात्र संपला नव्हता. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती आणि स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. त्या काहीच नसण्यात वहिनी उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे धरले, फेकलेला दोर झेलायला धरतात तसे.

“सर,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पाय वर घ्या. दोर येतोय.”

मी पाय वर घेतले.

वहिनींनी हात जवळ ओढले, काही क्षण तसेच धरले आणि सोडले. “लागली,” त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करून दिराकडे वळल्या. “भावजी, गाडी किती वाजता बोललात?”

त्याने वेळ सांगितली. दोघं गेली. मी बराच वेळ तसाच, पाय खुर्चीवर घेऊन बसून राहिलो. खाली सिमेंटचा कोबा केलेली जमीन होती, कोरडी ठणठणीत, आणि तिच्यावर पाय टेकायचं मला धैर्य होत नव्हतं.