कुंताबाईच्या भिंतीचे एकतीस थर

चामोर्शीच्या रस्त्यावर कुंताबाईच्या खानावळीत एकदा मासोळीचा रस्सा ओरपलेला माणूस दुसरीकडे जेवताना नाक मुरडतो. खोटं वाटत असेल तर जाऊन खावं. नवरा मनसाराम तलावातून मासोळी आणायचा, ती रांधायची. तो गेला, पण बाईनं चूल विझू दिली नाही. त्या एका खोलीवर तिनं दोन पोरी शिकवल्या.

त्याच खोलीवर नोटीस आली. नव्या नकाशात हा भाग राहण्याचा, तेव्हा धंद्याची बिनपरवाना खोली पंधरा दिवसांत पाडा. मनसारामचा भाचा भूपेश यानं नियम वाचला. बांधून ठरावीक वर्षं उलटली असतील, तर पाडायची मुदत संपते. पण खोलीच्या वयाचा कागद कुणाकडे होता?

पाहणीला इंजिनियर आला. चकचकीत भिंत बघून म्हणाला, "बाई, ही तर काल-परवाची दिसते."

दर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला निघण्याआधी भिंतीला चुना मारल्याशिवाय कुंताबाई उंबरा ओलांडत नसे. एक साल पांढरा, एक साल नीळ घातलेला. आता तीच टापटीप तिच्या मुळावर उठली होती.

ती आत गेली, विळा घेऊन आली आणि कोपऱ्यात भिंत तासली. कांद्यासारखे पापुद्रे दिसू लागले.

"मोजा साहेब. साल तितके थर."

इंजिनियर वाकून मोजू लागला. वरून एकोणिसाव्या थराशी तो थांबला. "हा काळा कसा?"

"त्या साली माह्या घरचे गेले. चुना नाई मारला. नुसतं मातीनं सारवलं."

"मृत्यूचा दाखला आहे?"

"हाये न."

दाखल्यावरचं साल बरोबर एकोणीस यात्रांमागचं निघालं. त्याखाली आणखी बारा थर होते. इंजिनियरनं सगळं लिहून घेतलं, फोटो काढले. मग समोरच्या टिनाच्या छपराकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"जुनंच म्हण, मामी," भूपेश कानात पुटपुटला. साहेब तर मानायलाच बसला होता. पण कुंताबाईला ते जमलं नाही.

"ते मागच्या सालचं हाये साहेब. खोटं कायले बोलू? मीच काढून टाकतो."

खोलीवरची नोटीस मागे घेतली गेली. छप्पर तिनं तिसऱ्या दिवशी स्वतः उतरवलं. आता गिऱ्हाईक डोक्यावर दुपट्टा टाकून उन्हात जेवतं, पण येतं. अशी बाई शंभरात एखादीच.

पुढच्या महाशिवरात्रीला तिनं पुन्हा चुना मारला. फक्त तो तासलेला कोपरा सोडला.

"तेवढंच काऊन ठेवलं, मामी?" भूपेशनं विचारलं.

"राहू दे," कुंताबाई म्हणाली. "तिथं तुहा मामा दिसते."