भूपेशने न उघडलेली जादू

भूपेश शेजवळला आमच्या कॅम्प चार वस्तीतल्या गल्लीत सगळे जादूगार म्हणतात. पानवाला म्हणतो, रिक्षावाले म्हणतात, नळावर बायका त्याचा विषय काढतात तेव्हा त्याही तेच म्हणतात. माझ्यासमोर कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. लोकांच्या जिभेला हाड नसतं, आणि हल्ली त्या जिभेला मोबाइल जोडलेला आहे. या एका शब्दाने त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी म्हणतात.

मी किसन. त्याच्या घराला भिंत लागून माझं घर. अंबरनाथ एमआयडीसीत ज्या कंपनीत मी टूलरूमला, साच्यांच्या कामाला आहे, तिथेच तो प्रेसशॉपला होता. फरक एवढाच की मी कायम आणि तो ठेकेदाराचा. त्याला कंपनीत मीच चिकटवलं असं त्याची आई जनाबाई अजून सांगते. ते खरं नाही, तो स्वतःच्या पायाने आला होता. पण म्हाताऱ्या माणसाला राग ठेवायला एखादी खुंटी लागते, म्हणून मी वाद घालत नाही.

आमच्याकडे पत्र्याच्या क्लिपा आणि वायसर बनतात. पत्रा कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहायला नको. पण दोन्ही हात बटणावर ठेवले तर पत्रा कोण सरकवणार, आणि माल कसा निघणार? म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवायचं, ही शॉपची रीत. सुपरवायझरला माहीत, मॅनेजरला माहीत. तपासणीला पाहुणे आले की पट्टी काढायची, पाहुणे चहा पिऊन गेले की परत लावायची. अशाच एका दुपारी प्रेस भूपेशच्या उजव्या हातावर आली.

बोटं वाचली, असं डॉक्टर म्हणाले. वाचली म्हणजे हाताला लागून राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही आत वळून बसली ती उघडेनात, आणि त्यांतली जाणीव गेली. गरम तवा लागला तरी कळायचं नाही. अंगठा आणि बाकीची दोन बोटं चालायची, पण तीही आखडलेली. डॉक्टरांनी लिहून दिलं की याला हलकं काम द्या. आमचे मॅनेजर अवधूतसाहेब तेव्हा भलतेच गोड बोलले. म्हणाले, स्टोअरमध्ये पुढच्या वर्षी एक जागा रिकामी होतेय, हँडग्लोव्हज आणि ऑइलचे डबे मोजून द्यायचे, बरा हो आणि ये, बघू. घरात आई, लहान पोरी. अस्मिता, त्याची बायको, जीन्सच्या पँटींचे धागे कापायचं काम घरी आणते. त्यावर चूल पेटते, घर चालत नाही. स्टोअरची ती खुर्ची मिळणं म्हणजे सगळं काही होतं. प्रेसवर तो परत बसू शकत नव्हता. जे बोट कुठे आहे तेच त्याला कळत नाही, ते प्रेसखालून तो काढणार कसं?

सरकारी दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी त्याला दाबायला रबरी चेंडू दिला आणि म्हणाल्या, चांगल्या बोटांनी नाणंही फिरवत जा. चेंडूचा त्याला दोन दिवसांत कंटाळा आला. नाण्याचा आला नाही. मोबाइलवर त्याने नाणं गायब करणारे लोक बघितले आणि दिवसभर तेच बघत बसला. मग कॅम्प दोनच्या बाजारात वासू अंकलचं दुकान त्याला सापडलं. फुगे, वाढदिवसाच्या टोप्या आणि जादूचे डबे विकणारं दुकान. वासू अंकल सिंधी म्हातारा, तरुणपणी लग्नांत जादू करायचा. सगळे भूपेशचा हात बघून च्च च्च करायचे, या म्हाताऱ्याने तो हात ओढून घेतला, वळलेल्या दोन बोटांत दहाचं नाणं सरकवलं आणि खूश झाला.

"साईं, हाथ ऐसे सहज मुड़ा हुआ रखने को लोग बरसों मेहनत करते हैं," तो म्हणाला. "तेरे को मशीन ने सिखा दिया."

भूपेशच्या तोंडून हे ऐकताना मला राग आला होता, त्याला आला नाही. त्याने हे घरी येऊन चारदा सांगितलं. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी त्या हाताला काही उपयोग आहे असं म्हणालं होतं.

खेळ तसा साधा. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिलं असं दाखवायचं, प्रत्यक्षात ते उजव्याच हातात वळलेल्या बोटांत ठेवायचं. लोक डाव्या मुठीकडे बघत राहतात. तुम्हीही त्या मुठीकडेच बघायचं, कारण जिकडे तुमची नजर तिकडे लोकांची. मूठ उघडली की रिकामी. मग उजव्या हाताने कोणाच्या कानामागून, कोणाच्या खिशातून नाणं काढायचं. चांगल्या हाताच्या माणसाला नाणं बोटांत आहे की नाही ते न बघता कळतं. भूपेशला कळायचं नाही. नाणं कधी घसरलं हे त्याला फरशीवर आवाज झाल्यावरच समजायचं.

तो आवाज भिंतीपलीकडून मी पावसाळाभर ऐकला. खण, आणि मग जनाबाईची शिवी. खण, आणि पोरी उठतील म्हणून अस्मिताचा ओरडा. शेवटी तिने खाली गोधडी अंथरून दिली. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की बोटांना कळत नसलं तरी तळव्याला कळतं. नाण्याची कड तळव्याला जराशी टोचत राहिली की समजायचं, नाणं जागेवर आहे. मग त्याने हात नुसता मांडीशेजारी सोडून उभं राहायचं शिकून घेतलं, चालायचं, बोलायचं, टाळी द्यायचं शिकून घेतलं. हिवाळ्यात मी त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो, आणि कप ठेवल्यावर त्याने माझ्या टोपीतून नाणं काढलं. मी कंपनीत तीस वर्षं हात बघत आलोय. हा हात अधू आहे हे त्या क्षणी माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

मग एप्रिल आला, जयंती आली. आमच्या मंडळात एक रीत आहे. वडीलधाऱ्यांनी छप्पन साली देवदेवस्की सोडली, तेव्हापासून अंगारा, भानामती, हवेतून राख काढणारे बुवा यांचं आम्हाला वावडं. म्हणून जयंतीला चमत्काराचे प्रयोग होतात. कोणी लिंबातून रक्त काढतो, कोणी जिभेवर कापूर पेटवतो. पण नियम असा की जो करून दाखवेल त्याने त्याच स्टेजवर ते उघडून दाखवायचं. लिंबाच्या सुरीला काय लावलं होतं, कापूर कधी थुंकायचा, सगळं. पोरांनी घरी जाताना म्हणायला पाहिजे, चमत्कार नसतो, हातचलाखी असते. आजवर कोणी हा नियम मोडला नव्हता.

त्या वर्षी भूपेशचं नाव पुकारलं. पांढरा शर्ट, निळा गमछा, बाह्या कोपरापर्यंत वर. त्याने नाणं डाव्या मुठीत दिलं, फुंकर मारली, मूठ उघडली, रिकामी. दोन्ही हात वर करून दाखवले, एवढे सैल आणि सहज की मलाही नाणं दिसलं नाही. नाणं त्याने पुढच्या रांगेत बसलेल्या स्वतःच्या आईच्या अंबाड्यातून काढलं. जनाबाई तोंडाला पदर लावून हसली. मंडप नुसता दणाणला. ज्यांनी महिनोन्‌महिने त्याच्या हाताकडे दयेने बघितलं होतं ते सगळे त्याच हाताकडे तोंड उघडून बघत होते.

निवेदक म्हणाला, आता रिवाजाप्रमाणे उघडून दाखवा. भूपेश माइकजवळ आला, हात पाठीमागे घेतला आणि हसून म्हणाला, "पुढच्या वर्षी." लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर मी त्याला गाठून झाडलं. आपली रीत तुला ठाऊक नाही का, तूच बुवा व्हायला निघालास का, असं बरंच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "काका, उघडायचं म्हणजे बोटं दाखवायची. ही उघडत नाय, हे सगळ्यांसमोर माइकवर सांगायचं. आजच्या दिवशी मला नाय सांगायचं ते." त्याची चूक होती, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तीच केली असती.

मंडळाच्या पोरांनी तो व्हिडिओ टाकला. कल्याणपासून बदलापूरपर्यंत फिरला, आणि फिरत फिरत कंपनीत आला. मे महिन्यात, स्टोअरची जागा रिकामी झाली त्याच आठवड्यात, भूपेशला ऑफिसात बोलावणं आलं. मी सोबत गेलो. केबिनमध्ये अवधूतसाहेब, प्रेसशॉपचा सुपरवायझर आणि ऑफिसची दोन-तीन माणसं. साहेबांनी मोबाइल टेबलावर उभा केला आणि व्हिडिओ लावला. जनाबाईचा अंबाडा, टाळ्या, ते "पुढच्या वर्षी". सगळं होतं.

साहेब म्हणाले की आमच्या कोणाच्याच हाताला हे जमत नाही, आणि तू म्हणतोस हात अधू आहे. भूपेशने सांगितलं, साहेब, हात असा आहे म्हणूनच हे जमतं. मी डॉक्टरांच्या कागदाची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, कागद जुना आहे, व्हिडिओ नवा आहे, आणि किसन, तू मध्ये बोलू नकोस.

मग भूपेशने खिशातून नाणं काढलं. जे स्टेजवर केलं नव्हतं ते त्याने तिथे केलं. खेळ सावकाश दाखवला, नाणं कुठे राहतं ते दाखवलं, आणि डाव्या हाताने ती दोन बोटं एकेक करून ताणून सरळ केली. सोडली, तशी ती परत आत वळली. त्याचं तोंड लाल झालं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"हेही छान जमतं तुला," साहेब म्हणाले.

सुपरवायझर हसला. भूपेशच्या हातून नाणं निसटून खाली पडलं, खरोखर पडलं, तर सुपरवायझरच म्हणाला, बघा, मुद्दाम पाडलं. नीट केलं तर हात चांगला, चुकलं तर नाटक. जादू करणाऱ्या माणसाचा हात कोणी खरा धरत नाही, बघणारा आपला दुसऱ्या हाताकडेच बघत बसतो.

नोटीस बोर्डावर कसल्यातरी सूचनेला पिन टोचलेली होती, गंजकी. भूपेश उठला, ती काढली, करंगळी टेबलावर टेकवली आणि पिन बोटाच्या टोकात सरळ आत घातली. निम्मी गेली. त्याचा चेहरा हलला नाही. पापणीही हलली नाही. टेबलावरच्या काचेवर रक्ताचा थेंब आला. "बघा साहेब," तो म्हणाला, "मला काय पण कळलं नाय."

मग ऑफिसातल्या एकाने टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. सुपरवायझरने तर शिट्टी मारली. त्यांना तो खेळ वाटला. भूपेश पिन हातात धरून उभा राहिला आणि, देव जाणे का, मी देव मानत नाही तरी म्हणतो, टाळ्या वाजवणाऱ्यांना बघून त्याची मान किंचित झुकली. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि त्या झुकलेल्या मानेचाही आला. साहेब म्हणाले, सोमवारपासून प्रेसवर ये.

सोमवारी तो गेला नाही. हाताचा भरवसा नसताना प्रेसवर बसायचं म्हणजे मरायला जायचं, असं अस्मिताने त्याला सुनावलं आणि ते बरोबर होतं. घरी बसून दुसरं काम बघतो म्हणाला. त्या धावपळीत करंगळीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. त्याला दुखत नव्हतं, मग कळणार कसं? बोट सुजून काळं पडलं, वास आला, तेव्हा जनाबाईने ओढून दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. डॉक्टरांनी करंगळी मुळापासून काढली.

आता तो हात बघून कोणीही सांगेल की हा माणूस प्रेसवर बसू शकत नाही. मी त्याला घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेलो. बँडेज बघून साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, हात खरंच अधू आहे हे लगेच मान्य केलं. पण स्टोअरची जागा कंपनीच्या कामात जखमी झालेल्या माणसासाठी आहे, म्हणाले. प्रेसनंतरही हात चांगला होता हे व्हिडिओत दिसतंच, हे बोट कंपनीने घेतलेलं नाही, त्याने स्वतः पिन टोचून घेतली, आणि त्याला साक्षीदार आहेत.