ना हिरवा, ना पिवळा

पुण्याहून निघालो तेव्हा सकाळपासूनच माझं डोकं फिरलेलं होतं. एक तर एस.टी.त खिडकी मिळाली नाही, आणि दुसरं म्हणजे एक शब्द पिच्छा सोडत नव्हता. ख्लोरोस. जुन्या ग्रीकांचा हा रंगाचा शब्द. मी कॉलेजात भाषा शिकवतो. ग्रीक हा घरचा नाद. कोशात बघाल तर अर्थ 'हिरवट पिवळा'. बरं, ठीक. पण तेच लोक मधाला ख्लोरोस म्हणतात, नुकत्या तोडलेल्या फांदीला म्हणतात, डोळ्यांतल्या पाण्याला म्हणतात, आणि भीतीनं गळाठलेल्या माणसालाही म्हणतात! आता याला मराठीत काय लिहायचं, कपाळ?

शेजारी किसन बसला होता. लष्करातला जवान, आमच्या गल्लीत भावाकडे उतरलेला. "सर, हितं बसून डोस्कं खाजवन्यापरास गावाकडं चला," असं म्हणून त्यानंच मला ओढून काढलं होतं. बहात्तर साल होतं, दुष्काळाचं. किसनचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला, सगळं कोरडवाहू. बैल विकून झाले होते. घरी बायको अनुसया आणि एक गाभण गाय, बस्स.

"गाय व्याली की झालं बगा," तो वाटेत म्हणाला. "दूध हाय तवर अनुसया गावात ऱ्हाईल. गाय गेली तर घराला कुलूप. मंग मी रजेवर यायचं तरी कुटं?"

सातारा मागे पडला. कराडजवळच्या मलकापूरला गाडी थांबली तिथं चहा घेतला. चहा कसला, गरम साखरपाणी! किसन मात्र दोन कप प्याला आणि हॉटेलवाल्याला बजावून आला, "आमच्या तिकडं ह्ये बी मिळत न्हाई."

कुंडलला त्याची सासुरवाडी. इकडे विहिरींना पाणी होतं, ऊस उभा होता, आणि गुऱ्हाळ चालू होतं. सासऱ्यांनी गरम भाकरीवर काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ पाक) ओतली. उन्हात धरली तर ती पिवळी म्हणावी की हिरवी, मला ठरवता येईना. मी भान विसरून ओरडलो, "हाच! हाच ख्लोरोस!" मग सगळं सांगावं लागलं. मध, फांदी, अश्रू, भीती.

सासरे शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी त्या लोकांकडं रंगांची लयच टंचाई हुती म्हना की."

सगळे हसले. मीही हसलो. त्या प्रवासातलं माझं ते शेवटचं हसणं.

निघताना सासऱ्यांनी वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या बांधून दिल्या. दुष्काळात पाण्याकडचे लोक कोरड्याकडच्या सोयऱ्यांना हा आहेर करत होते. मोळ्या एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टर खवळला.

"ओ फौजी, ही एस.टी. हाय का गोठा?"

"गाभन हाय वो गाय," किसन म्हणाला. कंडक्टरनं स्वतःच शिडीवर चढून मोळ्यांना दोर आवळला.

पुढे हिरवं संपलं. हळूहळू नाही, एकदम संपलं. मग नुसती माती, दगड, आणि रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेली माणसं. डोक्याला फडकी बांधलेल्या त्यांतल्या बायांकडे मला बघवेना.

गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अनुसया दारातच होती. तिनं नवऱ्याकडे नंतर पाहिलं, मोळ्यांकडे आधी. गायीच्या फासळ्या दिसत होत्या, पोट तेवढं मोठं. वाढं पुढ्यात टाकल्यावर ती इतक्या घाईनं खायला लागली, की एक पान खाली पडू देईना. किसन तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिला.

सकाळी अनुसया पाण्याला गेली. किसन मला रान दाखवायला घेऊन गेला. पावसाळा कोरडा गेला होता, जोंधळा गुडघाभर होऊन करपला होता, तोच कापून घेतलेला. पण मध्येच कधी तरी एक सर येऊन गेली होती, आणि धसकटांना (कापणीनंतर जमिनीत उरलेल्या बुडख्यांना) कोंब फुटले होते. पट्टाभर कोवळे कोंब! हिरवे म्हणावेत तर पिवळे, पिवळे म्हणावेत तर हिरवे. उन्हात ओले दिसत होते. मला वाटलं, एवढ्या मढ्यासारख्या मुलखात जिवंत असं हे एकच आहे.

"आन् ही बया गाय दाव्याला बांधून ठिवती!" किसन म्हणाला. "वाढं वाळाया लागलं की, सर. ताजं खाऊ दे जरा." तो पळतच गेला आणि गाय सोडून घेऊन आला.

तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. किसन कौतुकानं बघत उभा होता. असा सुखी चेहरा मी त्या प्रवासात दुसरा पाहिला नाही.

तेवढ्यात बांधावरून अनुसयाची किंकाळी आली. "आवं, वडा तिला! कोंब हाईत त्ये!" डोक्यावरची घागर टाकून ती धावत सुटली. त्या मुलखात, त्या वर्षी, भरली घागर!

उशीर झाला होता. गाय थरथरायला लागली, तोंडाला फेस आला, पाय दुमडले. अनुसयानं घरातला गूळ आणून पाण्यात कालवला आणि नळीनं पाजायला बघितलं. सगळं बाहेर आलं. दुष्काळात जोंधळ्याच्या धसकटाला फुटलेला कोवळा कोंब विषारी असतो. तिकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हणूनच गाय बांधलेली होती. पण किसन मिसरूड फुटायच्या आधी भरती झाला होता, आणि त्याची पोरवयातली वर्षं पावसाची होती.

घटकाभरात गाय गेली. पोटातलं वासरू थोडा वेळ हलत होतं. मग तेही थांबलं.

मी किसनकडे पाहिलं. त्याच्या सावळ्या चेहऱ्यावर एक रंग चढला होता. पांढरा नव्हे, पिवळा नव्हे. त्या कोंबांचाच, ओला.

संध्याकाळी अनुसया मलाच म्हणाली, "सांगायचं माज्या ध्येनातच आलं न्हाई वो. शेतकऱ्याच्या पोराला ह्ये कोन सांगत बसतं?" आणि मग ती ओरडून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेलं वाढं शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकलं आणि घराला कुलूप लावलं. कुंडलला आम्ही तिला माहेरच्या दारात सोडलं. सासऱ्यांनी तिच्या हातातलं गाठोडं उतरवून घेतलं.

किसन रजा अर्धी टाकून पलटणीत निघाला होता. पुण्याचे दिवे दिसायला लागल्यावर तो अचानक म्हणाला, "सर, त्या तुमच्या शब्दाचा अर्थ लागला का?"

इतका लख्ख अर्थ मला आजवर कुठल्या शब्दाचा लागला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"लागंल, सर," किसन म्हणाला, आणि माझ्या हातावर हात ठेवला. "मनाला लावून घिऊ नका."