मोजलं नाही म्हणजे शून्य नव्हे

अन्याय झाला तो गडचिरोलीकडच्या एका तलावात मासे धरणाऱ्या ढीवरांवर, बायका-माणसं सगळ्यांवर. झाला तीन वर्षांमागे, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, माझ्या शेजारच्या टेबलावर. एका कारकुनानं दोन रकान्यांत दोन शून्यं टाकली. बस, एवढंच.

तेव्हा मी चांद्याला एका कचेरीत हंगामी लिखाणकामावर होतो. दिवसा कचेरीचे तक्ते, संध्याकाळी लोकांत वाटायची असली पत्रकं. कुठल्या तलावात कोणत्या महिन्यात किती मासा निघाला ते गावाकडून लिहून येई. आम्ही वर्षाची सरासरी काढायची. सरासरी चांगली भरली, तर तलाव गावच्या ढीवरांकडे राही. कमी भरली, तर दसऱ्यानंतर लिलाव.

या गावाच्या कागदावर चैत आणि वैशाखासमोर आकडा नव्हता. गावच्या मास्तरानं तिथं लिहिलं होतं, 'मातामाय'.

म्हणजे गावात देवीची साथ होती. देवी आली की त्या गावात तराजू टांगत नाहीत. पारडी मातामायच्या पारावर पालथी घालून ठेवतात. जाळं टाकतात, मासा काढतात, पण तोलत नाहीत; टोपलीच्या अंदाजानं वाटे पाडतात. आणि पाणी उतरतं, मासा सगळ्यात जास्त निघतो, ते हेच दोन महिने.

"आकड्याच्या जागी देवी!" कारकून म्हणाला. "हिची बेरीज करू का आरती करू?"

"रिकामं ठेवा," मी म्हटलं. "आणि बाराऐवजी दहानं भागा."

"रिकामा रकाना दिसला की साहेब तक्ता तोंडावर फेकतात. शून्याले कोणी काई म्हणत नाई."

त्यानं शून्यं टाकली आणि बारानं भागलं. सरासरी खाली आली. मी साहेबांकडे गेलो. "शून्य हाही आकडाच आहे," ते म्हणाले, आणि तक्त्यावर सही झाली.

लिलावाची दवंडी ऐकून त्या गावची एक ढीवरीण चार माणसं घेऊन कचेरीत आली. दारातूनच बोलली, "काऊन जी बाबू, चैतात आमच्या तलावातले मासे मामाच्या गावाले गेल्ते का?"

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. "बाई, त्या दोन महिन्यांचं वजन दाखवा."

"तोललंच नाई त वजन कुठून दाखवू? तुमी हे शून्य कोन्त्या तराजूत तोललं, ते दाखवा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला गेला. ढीवर आता त्याच पाण्यात रोजीनं जाळं ओढून राह्यले आहेत. ती बाईही.

ठेका येत्या दसऱ्याला संपतो. तलाव कोणाला द्यायचा ते पुन्हा त्याच तक्त्यावरून ठरणार, आणि ती दोन शून्यं अजून तिथंच आहेत. तुमच्या तलावाच्या तक्त्यातही असतील. तेव्हा पोळ्याआधी कचेरीत जा. तक्ता मागा. शून्य दिसलं की विचारा, मोजून शून्य, की न मोजता? न मोजता असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर ते खोडून 'मोजलं नाही' असं लिहून घ्या, आणि तो महिना भागाकारातून काढल्याशिवाय तिथून हलू नका.