गोलेमची सुट्टी

"तुम्ही याला हात लावलाच कसा?"

"हात कुठे लावला, बाई? निजवला फक्त."

"निजवला! तान्हं बाळ आहे का ते?"

"बाळ असतं तर रडून तरी सांगितलं असतं, दमलोय म्हणून."

हे भांडण मी कांदे चिरता चिरता ऐकलं. प्रागमधल्या आमच्या बाहुलीपटांच्या स्टुडिओत तळमजल्यावरचं कॅन्टीन माझ्याकडे होतं. वरच्या खोलीतला शब्द न् शब्द धुराड्याच्या भोकातून खाली यायचा. चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. चुलीपाशी उभं राहायचं तर बाईमाणसाने कान काय घरी ठेवून यावेत?

ओरडत होत्या त्या दिग्दर्शिका बोहदानाबाई. ऐकून घेत होते ते एर्विन ताउसिग, आमचे बॉयलरवाले. सगळा स्टुडिओ त्यांना काका म्हणायचा. बॉयलरच्या शेजारची खोली त्यांना राहायला दिलेली. लढाईनंतर त्यांच्या घरच्या माणसांतले ते एकटेच परत आले होते, तेव्हा घर म्हणायचं तर ती खोली, आणि घरचं जेवण म्हणायचं तर माझं सूप.

बाईंनी तेव्हा मुलांसाठी गोलेमची मालिका करायला घेतली होती. गोलेम आम्हा यहुद्यांचाच. जुन्या काळी रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, नदीकाठच्या मातीतून घडवलेला राखणदार, आमच्या वस्तीवर कुणी चालून येऊ नये म्हणून. तोंडात देवाच्या नावाची चिठ्ठी घातली की उठायचा, काढली की पुन्हा मातीचा गोळा. बाईंनी त्याला जरा ढेरी दिली होती आणि बदकासारखी चाल. ते पाहून आमच्या देवळातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण हसू कुणालाच आवरलं नाही.

आता या बाहुल्यांचं काम कसं चालतं, तर एक फोटो काढायचा, बाहुलीचा हात केसभर हलवायचा, की दुसरा फोटो. दिवसभर घाम गाळला तर गोलेम विहिरीपासून दारापर्यंत पोचायचा. त्यामुळे संध्याकाळी बाहुली जशी उभी असेल तशीच सकाळी सापडायला हवी. माशी बसली तरी बाई किंचाळायच्या.

आणि आमचे काका काय करायचे? शुक्रवारी दिवस कलला की कोळशाचे हात स्वच्छ धुवायचे, वर जायचे, गोलेमच्या तोंडातली चिठ्ठी काढायचे आणि त्याला भिंतीशी आडवा करून यायचे. कारण रब्बीही तेच करायचे. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपासूनचा आमचा विश्रांतीचा दिवस, लागण्याआधी गोलेमला विसावा. शनिवारी तेव्हा सगळ्यांनाच काम असायचं. सकाळी बाई येऊन बघतात तर आदल्या दिवशी हात वर करून उभा असलेला गोलेम गाढ झोपलेला!

पहिल्यांदा त्यांना वाटलं पडला असेल. दुसऱ्यांदा मांजराचा संशय घेतला. तिसऱ्यांदा काकांनी स्वतःच सांगितलं, आणि मग ते भांडण.

"पुन्हा असं झालं तर बॉयलरला दुसरा माणूस बघीन," वरून बाईंचा शेवटचा आवाज आला. "खोलीही रिकामी करावी लागेल."

काका खाली येऊन बसले. मी सूप पुढे ठेवलं.

"काका, ती बाहुली आहे हो. चिठ्ठीसुद्धा माझ्या मेनूच्या कागदाचा तुकडा आहे. माझं वाचन बेताचं, पण स्वतःच्या हातचं 'कोबीची भाजी' ओळखू येतं मला."

"ठाऊक आहे. काढतो ना दर आठवड्याला."

"मग? त्या कोबीपायी डोक्यावरचं छप्पर घालवणार?"

त्यांनी पाव मोडून सुपात बुडवला. "इर्मे, शनिवारी तू कांदे चिरतेस, मी कोळसा ओढतो. आपण निदान कुरकुर तरी करतो. तो मुका. त्याला कुणी सुट्टी दिली नाही तर तो मागणार कशी? आपल्यातल्या एकाला तरी मिळू दे."

मी आणखी एक पळी वाढली.

पुढचा शुक्रवार आला. दिवस कलल्यावर काका हात धुऊन निघाले तशी मी सुपाचं भांडं उचलून त्यांच्यामागे गेले. म्हटलं, नोकरी जायचीच असेल तर उपाशीपोटी तरी जायला नको.

वर दिवे जळत होते. गोलेम विहिरीतून बादली ओढत होता, बादली अर्ध्यावर. शेजारी रिकामी घागर घेतलेली एक बाहुली. बाई कॅमेऱ्यामागे.

"ताउसिगकाका, एक पाऊल पुढे टाकू नका."

"नाही टाकत." काकांनी टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही निजवा."

"मी? अर्ध्या कामात?"

"काम कधी पुरं झालंय, बाई? रब्बीही वाट बघत बसले असते तर तो आजपर्यंत पाणीच भरत असता."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सुपाच्या भांड्याकडे. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत, कारण जेवायला त्या खाली उतरल्याच नव्हत्या. कपाळावरचे केस मागे सारून त्यांनी गोलेमचा गुडघा केसभर वाकवला. फोटो. आणखी वाकवला. फोटो.

दोर सुटला, बादली खाली गेली. गोलेम बसला, मग कुशीवर झाला. घागरवाली तोंड वासून तशीच उभी! तोंड तिला बाईंनीच करून दिलं, नव्या मातीचं. शेवटी चिठ्ठी काढायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "या, हे तुमचं काम." पडद्यावर एक मोठा हात येतो तो काकांचा. कितीही धुतला तरी नखांत कोळसा.

असं चित्रण झालं, की एकही फोटो वाया गेला नाही आणि गोलेमही झोपला. पोरांना तो शेवट इतका आवडला की पुढे प्रत्येक भाग तसाच संपायचा. गोलेम चोराची मानगूट धरून चाललाय, आणि मध्येच आडवा! चोर बिचारा जांभई देऊन शेजारी बसतो. सरकारी खात्यातून एक साहेब विचारायला आले, हा नायक काम अर्धं टाकून झोपतो कसा? बाई म्हणाल्या, "कामगार आहे, साहेब. त्याला विश्रांती नको?"

काकांची खोली राहिली. काही वर्षांनी सरकारने शनिवारची सुट्टी सगळ्यांनाच दिली, तेव्हा काका कॅन्टीनभर सांगत फिरले, "बघा, आधी मातीला मिळाली, मग माणसाला."

मालिका संपली, पण गोलेम वर कपाटात होता आणि शाळेतली पोरं आली की बाई त्याला बाहेर काढून उभा करायच्या. त्यामुळे काकांचं शुक्रवारचं काम चालूच राहिलं. गुडघे कुरकुरायचे, तरी दुसऱ्या कुणाला जिना चढू द्यायचे नाहीत.

त्यांच्या आयुष्यातला शेवटचा शुक्रवारही तसाच. थंडी होती. मी म्हटलं, "काका, आज राहू द्या, मी जाते."

"तुझे हात कांद्याचे. झोपेत शिंकेल तो."

त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि कठडा धरून वर गेले. चिठ्ठी काढून खिशात ठेवली, गोलेमला कुशीवर केला, आणि दिवा मालवून, दार हळूच ओढून घेत खाली आले.